सगळ्यांचा एकच नंबर

प्रिय सरदार,

हे पत्र मावशीच्या हाती देतेय. तिची थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, सगळं स्वच्छ निघालं. तुमच्या टोळीचा स्वयंपाक करता करता बाई इतकी वर्षं धूर गिळतेय, खोकणार नाही तर काय करणार? तू काल तिला अर्ध्या दिवसाचा प्रवास करायला लावून माझ्याकडे पिटाळलंस, बिचारी रस्ताभर रडत आली. मी तिला चहा पाजला, धीर दिला, आणि आता ती समोरच्या बाकावर खुशाल घोरतेय. पत्र चिकटवून देईन. तू मात्र हे एकट्यानं वाच, ट्रकच्या केबिनमध्ये बसून, आणि शेवटपर्यंत वाच. दोन ओळी वाचायच्या आणि घडी घालून खिशात टाकायचं, ही तुझी सवय मला ठाऊक आहे.

आजारी कोण ते शोधायला तू अख्खी टोळी पालथी घातलीस म्हणे. मावशीनं सगळं सांगितलं. तुमच्यातल्या एकाला क्षय निघालाय, तो औषधावाचून फिरतोय, आणि त्याच खोलीत पोरंबाळं झोपतात, या विचारानं तुझं जेवणावरून मन उडालंय. आधी त्या शिडीसारख्या उंच गड्याला पाठवलंस. त्याला काही नव्हतं, उलट जाताना दात दुखतोय म्हणून दुसरीच चिठ्ठी घेऊन गेला. मग मावशी. आता उद्या तो नवा आलेला जावई आणि त्याची बायको, असं ठरवलंयस म्हणे. त्यांना पाठवू नकोस रे. त्यांची मजुरी उगाच बुडेल.

हा घोळ कसा झाला ते सांगते, कारण तो तुझ्याच चांगुलपणातून झाला. टोमॅटोच्या हंगामात तुम्ही इथं होता तेव्हा मी क्षयाची तपासणी लावली होती, आठवतं ना? दवाखान्यात प्रत्येकाला फोन नंबर विचारला, आणि एकजात सगळ्यांनी तुझा नंबर सांगितला. बरोबरच आहे, गाव सोडून निघालेल्या माणसाचा नंबर दर हंगामाला बदलतो, मुकादमाचा तेवढा टिकतो. आमच्या यंत्राला त्यातलं काय कळतंय? अहवाल आला की ते नंबरावर निरोप धाडतं, आणि त्यात ना नाव ना आजार, कारण दुसऱ्याच्या हाती पडला तर माणसाची बदनामी नको. नियम चांगला आहे, पण तुमच्यासारखी माणसं डोळ्यांसमोर ठेवून कुणी तो केलेला नाही. तुझ्या फोनवर ढीगभर निरोप आले, अहवाल चांगला आहे म्हणून, आणि एकच आला, ताबडतोब येऊन भेटा म्हणून. तो कुणाचा, हे तुला कळायची सोयच नव्हती.

मी फोन केला नाही असं नाही. पण तुझा तो फोन टोमॅटोच्या क्रेटखाली चेंगरल्यापासून फक्त मोठ्यानंच बोलतो. मी नुसतं हॅलो म्हटलं तर मागून बायका मला जेवलात का विचारायला लागल्या. तू विचारलंस, ताई, कोण ते सांग, आत्ता उचलून गाडीत घालतो. सगळे कान टवकारून गप्प झाले ते मला इथं कळलं. बाजूला जाऊन बोल म्हणायची सोय नव्हती, तेवढ्यानंच उभ्या टोळीला उत्तर मिळालं असतं. मी काहीतरी थातुरमातुर बोलून फोन ठेवला आणि स्वतःवरच चरफडत बसले.

माझ्या कामाला कागदोपत्री समन्वय म्हणतात. मला ते काम खरं तूच शिकवलंस. मी तारखा वाटत होते आणि कुणी फिरकत नव्हतं. तू हसून म्हणालास, त्यांना तारीख कशाला देतेस, रान सांग. मग मी सांगायला लागले, कालव्याकडचं रान उरकलं की या, आणि तुम्ही बरोब्बर यायला लागलात. एकदा उन्हानं वरचं रान आधी पिकवलं आणि तू डॉक्टर नसताना ट्रकभर माणसं आणून उतरवलीस, ते सोड. नर्सनं त्या दिवशी सगळ्यांची वजनं तरी करून घेतली.

थुंकीची तपासणी म्हटल्यावर मात्र कुणी पुढं येईना. दवाखान्यात नाव लागलं की पुढच्या हंगामाला ट्रकमध्ये जागा मिळत नाही, ही धास्ती. इतर मुकादम तसं करतात, खोटं कशाला बोलू? तू पुढं झालास. डबी हातात घेऊन म्हणालास, घरात बायको थुंकू देत नाही, इथं सरकार डबी देतंय, आणि सगळ्यांत आधी पडद्याआड गेलास. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग रांग लागली. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला. तुझा शर्ट खांद्यावरून ओघळतोय हेही दिसलं होतं. तू म्हणालास औषधफवारणीनं घसा धरलाय, वजन उन्हानं उतरलंय. बायको तुला नीट जेवत नाहीस म्हणून टोमणे मारत होती, आणि तुमची लेक, पिटुकली, तुझ्या छातीवर डोकं ठेवून झोपली होती.

सरदार, तू ज्याला शोधतोयस तो तूच आहेस. अहवाल तुझा आहे. मी तो दोनदा ताडून पाहिला, मग बाहेर जाऊन जिन्यावर बसले आणि रडले, तेही सांगते, लपवून काय करू? पण हा आजार बरा होतो, पूर्ण बरा होतो, गोळ्या मध्येच सोडल्या नाहीत तर. तुमच्या कांद्याच्या रानापासून जवळच्या दवाखान्यातल्या नर्सशी मी बोललेय, ती उद्या सकाळी तुझी वाट बघेल. गोळ्या फुकट आहेत. पुढच्या हंगामाला टोळी जिथं जाईल तिथं तुझ्या गोळ्या आधी पोचलेल्या असतील, ते माझ्यावर सोड. बायकोला आणि पोरीला तपासायला बरोबर ने. टोळीला सांगायचं की नाही ते तू ठरव, पण उद्या रानात उतरू नकोस. रविवारी मी येतेच आहे. आणि आज रात्री पिटुकली कितीही रडली तरी तिला तुझ्याजवळ घेऊ नकोस, मावशीच्या कुशीत झोपव.

तुझीच,
ताई