राखेचा रंग आणि हिरवं दार

नागपूर

बाबा, जय भीम.

मी मजेत आहे. मेसची भाजी पातळ असते, पण पोट भरते, असं आईले सांगा.

दोन वर्षांपूर्वी आईनं चुलीतली राख पुडीत बांधून दिलती अन् तुम्ही पांढरकवड्याहून हुबेहूब तसाच रंग आणलता, आठवते? भिंत रंगवल्यावर आई म्हणे, "हा तं गुलाबी दिसते! तुमाले रंगच कळत नाही." तवापासून तुम्ही तिची साडीही एकट्यानं आणत नाही.

आज कॉलेजात रंगांच्या तासाले सरनं राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे चिटकवले, एक पांढऱ्यावर अन् एक हिरव्यावर. हिरव्यावरचा चक्क गुलाबी दिसून राह्यलता! शेजारचा रंग डोळ्याले असा फसवते म्हणे. मी भर वर्गात जोरात हासली. आपल्या त्या भिंतीतलं दार हिरवंगार आहे ना, बाबा! तुम्ही आणलेला रंग बरोबरच होता, अन् आईही खोटं बोलत नव्हती.

तुमचा गुडघा कसा आहे? आपला रवी अभ्यास करते का?

यंदा आईची साडी तुम्ही एकट्यानंच आणा. फक्त त्या दारापाशी उघडून दाखवू नका.

तुमची लाडाची,
उर्वशी