ठिपक्याच्या मार्करचे दोन भाग मिळण्याबाबत

प्रति,
मा. पार्सल तपासणी अधिकारी,
परदेशी टपाल विभाग, तिसरा मजला.

विषय : पेंटबॉल मार्करचे अडवून ठेवलेले इलेक्ट्रॉनिक भाग वडिलांच्या सहीवर मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले चौथे पत्र.

महोदय,

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. सदर पार्सल माझ्या थोरल्या मुलीच्या नावे आहे. ती पेंटबॉल खेळायची. हवेच्या दाबाने रंगाची गोळी मारायचा हा खेळ; गोळी मारायच्या यंत्राला मार्कर म्हणतात. एका सामन्यात रंगाच्या एका ठिपक्यापेक्षा जास्त तिच्या अंगावर कधी लागले नाही, म्हणून संघात ती 'ठिपका'.

दोन वर्षांपूर्वी स्नायूंच्या आजाराने तिच्या बोटांतला जोर जाऊ लागला. मी ट्रिगरची स्प्रिंग हलकी करून दिली. ती म्हणाली, "बाबा, कितीही हलकी केलीत तरी ओढावी लागतेच. मला नुसतं बोट टेकवायचंय."

मग तीन आठवडे आम्ही जेवणाच्या टेबलावर मार्करच्या परदेशी भागांची माहितीपत्रके पसरून बसलो. मला छोटा स्क्रीन आवडला होता. "शोभेचं काही नको," म्हणून तिने त्यावर फुली मारली. निवडले दोनच भाग : बोट टेकताच गोळी सोडणारा सर्किट बोर्ड, आणि गोळी नीट बसल्याशिवाय ती सुटू न देणारा सेन्सर. अर्धवट बसलेली गोळी आत फुटली तर नळी पुसणे तिला जमत नव्हते.

पहिल्या पत्रात आपण विचारले, हे शस्त्र आहे काय? मी खुलासा दिला. दुसऱ्या पत्रानुसार बोर्डासाठी खोलून ठेवलेला मार्कर घेऊन आलो. लिपिकसाहेब म्हणाले, "चालवून दाखवा." चालवायला लागणारा भाग आपल्याच कपाटात आहे, असे मी नम्रपणे सांगितले. 'अर्जदार यंत्र चालवू शकला नाही' अशी नोंद झाली.

तिसऱ्या पत्रानुसार मुलगी स्वतः आली. लिफ्ट बंद होती. जिना चढायला तिला पाऊण तास लागला. सही नमुन्याशी जुळत नाही म्हणून परत पाठवले. ती जुळणार कशी, महोदय? उतरताना ती मलाच धीर देत म्हणाली, "जाऊ द्या बाबा, जिना तर जिंकला."

आठ तारखेला ती गेली. चौथ्या दिवशी आपले पत्र आले : दहा दिवसांत तिने समक्ष यावे, अन्यथा पार्सल 'घेणाऱ्याने नाकारले' असा शेरा मारून परत जाईल.

भाग मला देणे नियमात बसत नसेल तर देऊ नयेत. मी वर दाद मागणार नाही. परंतु तो शेरा मारू नये, एवढे करावे. तिने नाकारलेले नाही. शेवटच्या आठवड्यात वाचा गेली होती, तरी मी बाहेरून आलो की ती आधी माझ्या हातांकडे बघायची.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
सदर मुलीचे वडील
दिनांक : १९ जून

सोबत : मृत्यूचा दाखला, एक प्रत.