विजेची वाट

सर,

तुमचा कॉम्प्युटर काल दुपारी सुरू झाला. जळला होता, गंजला होता, उंदरांनी त्यात संसार केले होते, तरी सुरू झाला. ही गोष्ट सगळ्यात आधी तुम्हाला सांगावीशी वाटली म्हणून लिहायला बसले. पाठवायचं कुठे, ते मात्र सुचत नाही.

तो माझ्याकडे आला तो काकूंमुळे. काकू अजून जव्हारलाच आहेत. तुमच्या मागे बालवाडीत नोकरी करून त्यांनी मुलीला वाढवलं, आता ती नाशिकला चला म्हणून मागे लागली आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यांचं सामान आवरायला मी गेले होते. माळ्यावर अगदी मागच्या कोपऱ्यात सुतळीनं आवळलेलं एक गोणपाट होतं. काकू खालूनच म्हणाल्या, "ते तेवढं राहू दे." मग जरा वेळानं आपणहून म्हणाल्या, "नाहीतर तूच घेऊन जा. शाळेत कुणी त्याला हात लावेना, म्हणून मी आणलं. टाकवलं नाही आणि सोडून बघवलंही नाही. तू आयटीआयला हेच शिकवतेस ना? काय ते तूच कर." घरी आणलं तर आई दार अडवून उभी. आता ती माझ्याकडेच असते, पण मनानं अजून मोखाड्याच्या आमच्या पाड्यावर. "माणूस खाल्ला त्यानं," ती म्हणाली. "घरात नको घेऊस. पडवीला ठेव." पाड्यावर तुमची गोष्ट अजून अशीच सांगतात सर, की शाळेत एक मशीन आलं आणि त्यानं सरांना ओढून घेतलं. शिकलेली माणसं वेगळं सांगतात. सर हुशार होते, पण घाईत प्लग काढायला विसरले. मला दोन्ही ऐकून राग यायचा, दुसऱ्याचा जास्त.

अजून डोळ्यांपुढे आहे, मी सातवीत आहे. आश्रमशाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही जमिनीवर दाटीवाटीनं बसलोय, टेबलावर टीव्ही आणि त्याच्यापुढे तो कॉम्प्युटर, सगळा कीबोर्डातच मावलेला, जाड कळांचा, पत्र्याच्या तळाचा. तुम्ही मला पुढे बोलावता, दोन ओळी टाइप करायला लावता, आणि माझं नाव पडद्यावर येतं. एकदा नाही, खालून वर सरकत, एकाखाली एक, थांबतच नाही. सगळी मुलं ओरडतात. मला रडू फुटतं. "थांबवा ना सर!" तुम्ही हसून म्हणता, "तू थांबवशील तेव्हाच थांबेल. त्याला बिचाऱ्याला स्वतःहून थांबता येत नाही." दुसऱ्या एका दिवशी पडदा काळाच राहतो आणि मी शहाणपणा करून म्हणते, मशीन खराब झालं. तेव्हा तुम्ही हसत नाही. "बघितलंस? उघडून बघितलंस? मग कशावरून बोललीस? आधी बघायचं, मग बोलायचं." सगळ्या वर्गासमोर. टीव्हीमागची वायर सैल झाली होती, एवढंच. पण मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

आणि तो दिवस. दसऱ्याच्या आधीचा. भात पिवळं पडायला लागलंय, सकाळपासून उकडतंय आणि दुपारच्या जेवणानंतर एकदम अंधारून येतं. डोंगराआडून गडगडाट जवळ जवळ येतोय. तुम्ही आम्हाला व्हरांड्याच्या त्या टोकाला पाठवता. "कुणी खिडकीला हात लावायचा नाही. भिंतीपासून लांब बसा." कॉम्प्युटरच्या खोलीचं छप्पर नेमकं टेबलावरच गळायचं, म्हणून तुम्ही आत जाता. मी तुमची पाठ बघते, दारातून आत जाताना. मग उजेड आणि आवाज एकदमच. इतका मोठा, की नंतर काही वेळ पाऊस पडताना दिसतो पण ऐकू येत नाही. स्वयंपाकीणबाई धावत त्या दाराशी जाते आणि तिथेच खाली बसते. मग तो वास, तापलेल्या रबराचा, आणि त्यात दुसरंही काही. आम्हाला त्या दिवशीच घरी पाठवलं.

गोणपाट सोडलं तेव्हा तोच वास आला असं मला वाटलं. नवरा म्हणाला, इतक्या वर्षांनी कसला वास, उंदरांची घाण आहे ती. असेलही. आत कुंभारमाशीची मातीची घरटी होती, झुरळांची अंडी होती, तांबं हिरवं पडलं होतं. खालचा पत्रा गंजानं खाल्ला होता. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं असं काही आणलं असतं तर मी भंगारात घाल म्हटलं असतं. पण मी कळा एकेक करून उपसल्या, परातीत साबणाच्या पाण्यात भिजवल्या, सुपात वाळत घातल्या. आईनं ते सूप पुन्हा वापरलं नाही. बोर्ड जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं घासला. आयसीच्या काळ्या चिपा काढताना त्यांचे पाय माझ्या हातात तुटून आले. तसे आयसी आता बनत नाहीत. कुणा कुणा परदेशातल्या अनोळखी माणसांना लिहून ते मागवले, ती पार्सलं पोस्टात महिना महिना पडून असायची. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा धूर निघाला. दुसऱ्यांदा पडद्यावर नुसता ठिपक्यांचा चुरा. माझे रविवार गेले, मे महिन्याची सुट्टी गेली, नणंदेच्या घरचं लग्न गेलं. नवरा एकदा ताट बाजूला सारून म्हणाला, "तुला हे दुरुस्त करायचंय की त्यांना परत आणायचंय?" पडवीत एकटी असले की तुम्ही माझ्या उजव्या खांद्यामागे उभे असायचात. बोलत नव्हतात. सोल्डरिंग करताना मी जागा सोडून बसायचे, तुम्हाला नीट दिसावं म्हणून.

पण जे सांगायचंय ते वेगळंच आहे. वीज प्लगमधून आली असं सगळे म्हणत होते, तेव्हा आतला पॉवर सप्लाय कोळसा झालेला असणार, असं धरूनच मी तो शेवटी ठेवला होता. उघडला तर आत धूळ. बाकी सगळं जागच्या जागी. फ्यूज शाबूत, तार चकचकीत. मी तो उजेडात धरून पाहिला, मीटर लावूनही पाहिला. प्लग भिंतीत असता आणि त्यातून वीज आली असती, तर पहिला बळी त्या फ्यूजचा जायला हवा होता. मग मी पुन्हा बोर्ड घेतला आणि जळलेली रेघ बोटानं धरून मागे मागे गेले. ती टीव्हीच्या वायरीच्या जागेपासून निघत होती. शाळेच्या छपरावर अँटेना होता, सर, आणि सारखी वायर काढघाल नको म्हणून अँटेना आणि कॉम्प्युटर दोन्ही टीव्हीला कायमचे जोडून ठेवणारी एक डबी तुम्ही बनवली होती. वीज तिथून आली. बोर्डावरून खालच्या पत्र्यात उतरली, आणि पत्र्याच्या दोन्ही कडांना, समोरासमोर, रंग फुटून काळे डाग पडले होते. पत्र्यातून प्लगकडे जाणाऱ्या तारेवर मात्र एकही डाग नव्हता, त्या वाटेनं काही गेलंच नव्हतं. मी माझे हात त्या डागांवर ठेवून पाहिले. दोन्ही हातांनी मशीन उचलायचं तर हात तिथेच येतात. तुम्ही प्लग काढला होतात. प्लग काढून, गळक्या छपराखालून तुम्ही ते उचलत होतात.

मी आत जाऊन तोंड धुतलं. आईनं विचारलं, काय झालं गो. काही नाही म्हटलं.

त्यानंतर महिनाभरात तांब्याच्या जळलेल्या वाटा केसाएवढ्या तारेनं पुन्हा जोडल्या आणि काल तो सुरू झाला. सुरू होतानाचा तो छोटा आवाज केला त्यानं, आणि काळ्या पडद्यावर कर्सरची ती रेघ लुकलुकायला लागली, कुणीतरी काहीतरी लिहील म्हणून. मी काही लिहिलं नाही. बंद केला आणि तशीच काकूंकडे गेले.

काकूंना मी सगळं नीट सांगितलं, फ्यूज कागदात गुंडाळून नेला होता तोही दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. उठून चहा ठेवला. स्टोव्हपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे प्लग काढला होता."

"काढला होता, काकू."

"नक्की?"

"नक्की."

चहा उतू गेला तरी त्या हलल्या नाहीत. "मी भांडत होते गं त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. गडगडायला लागलं की मनात तेच यायचं, एक प्लग काढायला काय होत होतं तुम्हाला? लहान पोरगी होती घरात. श्राद्धाच्या पानापुढेसुद्धा माझ्या मनात राग असायचा." मग त्या रडल्या, आणि रडता रडता मध्येच हसल्याही. तुम्हाला तो हसण्याचा आवाज आठवत असेल. निघताना म्हणाल्या, "मग गेले कसे ते?" मी म्हटलं, "वीज वरून आली, काकू. कुणाचीच चूक नव्हती." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता नाशिकला जाईन म्हणाल्या.

सर, मी त्यांना अर्धंच सांगितलं. उरलेलं तुम्हाला न सांगताही कळलं असेल, कारण हे मला तुम्हीच शिकवलंत. शाळेमागे तो अर्थिंगचा खड्डा तुम्ही आमच्याकडूनच खणून घेतला होता, कोळसा आणि मीठ भरून, आणि उन्हाळ्यात आम्ही मुली त्यात कळशीनं पाणी ओतायचो. वीज चुकून मशीनमध्ये आली तर या वाटेनं जमिनीत जाईल, कुणाला धक्का बसणार नाही, असं तुम्ही सांगायचात. ती वाट मशीनच्या पत्र्यापासून प्लगच्या तिसऱ्या पिनेतून त्या खड्ड्यात जात होती. प्लग काढल्यावर त्या विजेला जमिनीत जायला दुसरी वाट उरली नाही. तुम्ही उरलात. प्लग तसाच असता तर तुम्ही वाचला असता, असं मी म्हणत नाही. आकाशातल्या विजेचा हिशेब कुणाला सांगता येतो? पण वाचलाही असता.

हे कागद मी आता चुलीत घालणार आहे. काकूंनी पुन्हा विचारलं तरी मी नाहीच सांगणार. आधी बघायचं, मग बोलायचं, हे तुमचं म्हणणं मी पाळलं. बघून झाल्यावर गप्प बसायचं, हे मात्र मी माझ्या मनानं ठरवलंय.