तिसऱ्या खांबाजवळची खुर्ची

प्रिय व्याहीबुवा यांस,

तुम्ही गाव सोडून लेकाकडे राहायला गेलात, तिथवर तुमच्या जुन्या चष्मेवाल्याचा नमस्कार पोचावा. इकडे माझे गुडघे आणि दुकानाचं शटर सोडलं तर बाकी सगळ्यांचं ठणठणीत आहे. तुमची झोप, तुमचा रक्तदाब आणि विहीणबाईंचा खोकला कसा आहे ते सविस्तर कळवावं, ‘बरं आहे’ एवढ्यावर माझी बोळवण करू नये. (ठकू, हे पत्र तू तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार, हे मी धरूनच चाललोय. कंसातला मजकूर मात्र तुझ्यासाठी आहे, तो मनात वाचायचा. लहानपणी तू पुस्तकाची किंमतसुद्धा मोठ्याने वाचायचीस, म्हणून आधीच बजावतो.) आपण चाळीस वर्षं एकमेकांना अरेतुरे केलं, आणि माझी लेक तुमची सून झाली त्या दिवसापासून आमच्या हिने मला अहोजाहोवर आणलं. तेव्हा या पत्रात कुठे ‘तू’ निसटलाच तर तो पेनचा दोष समजावा.

तुमचं तीन ओळींचं पत्र मिळालं. अक्षर ठकूचं होतं, पण तिरसटपणा अस्सल तुमचा. तुम्ही लिहिलंत, विमानप्रेमी मंडळाच्या यादीतून माझं नाव काढा, मैदानावरची तिसऱ्या खांबाजवळची जागा आणि माझी घडीची खुर्ची हवी त्याला देऊन टाका, ज्याला दिसत नाही त्याने विमानं बघायला जाणं म्हणजे लोकांना हसायला कारण देणं. हे पत्र मी मंडळाच्या सभेत वाचायला हवं होतं. मी ते दुकानात लेन्सच्या एका रिकाम्या डब्यात ठेवलं आणि सभेत उभं राहून सांगितलं की व्याही येणार आहेत. धडधडीत खोटं बोललो. मनात हिशेब असा होता की यंदा नवरदेव नक्की येईल, मी तुम्हाला त्याचं असं वर्णन लिहीन की तुम्ही मिळेल त्या गाडीने निघाल. (ठकू, नवरदेव म्हणजे ते नवं लढाऊ विमान. मांडव घालून, पाहुणे जमवून जो येतच नाही त्याला मंडळात दुसरं काय म्हणणार?)

तुम्हाला आठवतंय ना, चौदा वर्षांपूर्वी तुम्ही वर्तमानपत्रातलं त्याचं चित्र कापून माझ्या दुकानात घेऊन आला होतात. हाताला दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनचं तेल तसंच, त्यामुळे विमानाच्या डाव्या पंखावर तुमच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो कागद अजून काउंटरच्या काचेखाली आहे. त्या दिवशी आपलं ठरलं की हे बघायचं तर दोघांनी मिळून, एकट्याने बघणं ही फसवणूक. लगेच बघितलेल्या विमानांच्या आपल्या नोंदवहीतलं एक अख्खं पान आपण त्याच्यासाठी राखून ठेवलं, तारीख आणि ठिकाण रिकामं सोडून खाली दोघांची नावं लिहिली. तेव्हापासून त्या पानावर फक्त नावंच आहेत. पहिल्या एअर शोच्या वेळी म्हणे पावसात त्याचा रंग सुटला. मग एका वर्षी लाकडी नमुना पाठवला आणि तुम्ही दोरीपलीकडून हात लांबवून त्याच्या पोटावर टिचकी मारलीत, तेव्हा आतून कपाटासारखा आवाज आला. पुढे वैमानिकाचं हेल्मेट मापाचं होईना. मग वैमानिकासमोरच्या पडद्यावर एकदम आठ चुका दिसायला लागल्या, आणि त्या दुरुस्त केल्यावर नऊ. दरवर्षी निवेदक त्याच दुःखी आवाजात ‘अपरिहार्य तांत्रिक कारणामुळे’ म्हणतो आणि आपण दरवर्षी चहाचा थर्मास उघडतो.

मंडळात यावरून नव्या आणि जुन्या विमानाच्या बाजूचे लोक हमरीतुमरीवर आले आहेत. आपले दंतवैद्य म्हणतात की एका जबड्यात मावतात तेवढेच दात बसवावेत, या विमानात सगळ्यांच्या हौसेचे बसवले, आता ते तोंड मिटणार कसं? भूगोलाच्या बाई जुन्या विमानाच्या बाजूच्या. ज्या विमानाला स्वतःची तब्येत पडद्याला विचारावी लागते त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही. पोस्टमास्तर अध्यक्ष असल्यामुळे आणि जन्मभर लोकांची समजूत काढल्यामुळे एवढंच म्हणतात की उशीर झाला म्हणजे गहाळ झालं असं नव्हे. तुमचं मत मात्र सगळ्यात वेगळं होतं. फोनवर त्याच्या इंजिनाचा आवाज लावला, तर तुम्ही तो मशीनला लावता तसा कान लावून ऐकलात आणि म्हणालात, आत काहीतरी घासतंय, दोन वर्षं तरी विसरा. आठ महिन्यांनी बातमी आली की इंजिनाचं बेअरिंग बदलायला घेतलं. तेव्हापासून मंडळात तुम्हाला कानसेन म्हणतात, आणि दंतवैद्य तुमच्यासमोर जरा हळू बोलतात.

हे सगळं आठवलं की मला तो तक्ता आठवतो. आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो, कारण तोंडावर मला कधी बोलता आलं नाही. माझ्या दुकानातल्या बाकावर तुम्ही इतकी वर्षं बसलात की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तुम्हाला तळच्या ओळीपर्यंत पाठ झाला. मी नजर तपासायला बसवायचो, तुम्ही घडाघडा म्हणायचात आणि मी तुमची पाठ थोपटून म्हणायचो, वा, नजर पोरासारखी आहे. दोन वर्षं हे चाललं. मग मी नवा तक्ता आणला आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून जुना म्हणून दाखवलात. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आले असते तर थोडी तरी नजर राखता आली असती. विमान येईपर्यंत घरच्यांनी तुम्हाला अडवू नये म्हणून तुम्ही हे केलंत, हे मला कळतं. पण अख्ख्या गावाची नजर तपासणारा मी, शेजारी बसलेल्या माणसाकडे माझं लक्ष नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. (ठकू, इथे आवाज जड करू नकोस. पुढे मजा आहे.)

तर परवाच्या एअर शोची हकिगत. मी दोन खुर्च्या घेऊन निघालो. बसच्या कंडक्टरने दुसरी खुर्ची कोणाची म्हणून विचारलं, मी सांगितलं व्याह्यांची. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. व्याही कुठे आहेत? येतील. हे मी दिवसभरात इतक्यांदा म्हटलं की शेवटी मलाही खरं वाटायला लागलं आणि मी दोनदा फाटकाकडे बघून आलो. तिसऱ्या खांबाजवळ दोन्ही खुर्च्या मांडल्या. तर एक आडदांड गृहस्थ ‘कोणी नाही ना?’ असं विचारत तुमच्या खुर्चीत निम्मे बसलेच. त्यांना मी उठवलं आणि पुन्हा कोणी बसू नये म्हणून खुर्चीवर तुमची जुनी टोपी ठेवली, टोपीशेजारी थर्मास ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला दुर्बीण अडकवली. तेवढ्यात भूगोलाच्या बाई आल्या. त्यांचा सकाळी शाळेत सत्कार झाला होता, हातातला गुच्छ कुठे ठेवावा कळेना, म्हणून त्यांनी तो तुमच्या टोपीजवळ टेकवला.

आता तुम्हीच सांगा, रिकामी खुर्ची, तिच्यावर टोपी आणि फुलं, शेजारी डोळे चोळणारा म्हातारा (ऊन होतं, दुसरं काही नाही), हे बघून माणसाला काय वाटेल? छातीवर बिल्ला लावलेली एक स्वयंसेविका आली, अदबीने वाकली आणि ही खुर्ची कोणाची म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, चौदा वर्षं ते इथेच बसायचे. ती मान झुकवून निवेदकाच्या मचाणाकडे गेली. जरा वेळाने तीन जुनी प्रशिक्षण विमानं आली आणि निवेदकाने जाहीर केलं की ही फेरी एका ज्येष्ठ विमानप्रेमींच्या स्मृतीस अर्पण करण्यात येत आहे. सगळं मैदान उठून उभं राहिलं. मीही उठलो. टोपी काढली, मान खाली घातली, कोण बिचारा गेला असेल असं मनाशी म्हणालो. आणि निवेदक म्हणाला, ज्यांची खुर्ची आजही तिसऱ्या खांबाजवळ त्यांची वाट पाहते आहे.

व्याहीबुवा, माझे गुडघे त्या दिवशी जसे पळाले तसे माझ्या लग्नानंतर कधी पळाले नव्हते. निवेदकाच्या मचाणापर्यंत धापा टाकत पोचलो, तर त्याने मलाच पाणी पाजलं आणि सांत्वन केलं. अखेर त्याला पटलं. मग ध्वनिक्षेपकावर त्याच गंभीर आवाजात जाहीर झालं की सदर विमानप्रेमी हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! लोकांनी टोप्या उडवल्या, त्या आडदांड गृहस्थांनी मला मिठी मारली. आणि टाळ्या थांबायच्या आत त्याने दुसरी घोषणा केली की नवं लढाऊ विमान अपरिहार्य तांत्रिक कारणामुळे येऊ शकत नाही. मिठी मारलेले गृहस्थ मला म्हणाले, जाऊ द्या हो काका, दोघांतला एक तरी परत आला.

या गडबडीत माझं खोटं उघडं पडलं. पोस्टमास्तरांनी तिथेच गवतावर सभा घेतली आणि व्याही खरोखर येणार होते का असं मला सर्वांसमोर विचारलं. मी तुमचं पत्र आल्याचं कबूल केलं. दंतवैद्यांच्या मेहुण्याचा तिसऱ्या खांबावर कधीपासून डोळा आहे, तो लगेच पुढे सरकला. मग पोस्टमास्तरांनी निर्णय दिला की ज्या माणसासाठी आजच एवढ्या टाळ्या पडल्या त्याची जागा आजच कशी देणार? पुढच्या शोला त्यांनी स्वतः येऊन खुर्चीत बसावं. नाही आले, तर नाव काढायचं आणि जागा मेहुण्याची. मी मान डोलावली, दुसरं काय करणार?

असो. यंदाही विमान आलं नाही, एवढंच या लांबलचक पत्राचं सार. दुकानातला बाक तसाच आहे. गिऱ्हाईक त्यावर बसतं तेव्हा मला उगाच राग येतो. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आणि ठकूला आशीर्वाद.

आपला,
चष्मेवाला व्याही

ता. क. : तुमची खुर्ची कोणाला दिलेली नाही, देणारही नाही. तिची बिजागरी अडकते, तिला कुठलं तेल घालू ते कळवावं.

ता. क. दुसरा : पुढच्या शोची तारीख ठकूला वेगळ्या चिठ्ठीत लिहिली आहे. गाडीत खालची, खिडकीजवळची जागा बघायला सांगितलं आहे. ही विनंती आहे, आग्रह नाही. (ठकू, आग्रह आहे.)

ता. क. तिसरा : (ठकू, हा सगळाच कंस आहे. अजिबात मोठ्याने वाचू नकोस. नवरदेव आला होता. सगळे निघून गेले होते, मी त्या अडकलेल्या बिजागरीशी झटत मागे राहिलो होतो आणि एक बाई मैदानातले कागदी पेले गोळा करत होत्या. तेवढ्यात लांबून आवाज आला. तो आवाज आम्ही दोघांनी फोनवर शंभर वेळा ऐकलाय, मला क्षणात कळलं. हात आपोआप दुर्बिणीकडे गेला. मग मी दुर्बीण खाली ठेवली आणि तुझ्या सासऱ्यांच्या खुर्चीकडे बघत उभा राहिलो. तिचं कापड थरथरत होतं. त्या बाई ओरडल्या, ‘काका, वर बघा ना!’ मी नाही बघितलं. बघायचं ते दोघांनी मिळून, असं ठरलं होतं. ते एक फेरी मारून गेलं. नंतर न राहवून मी त्यांना विचारलं, कसं होतं? त्या म्हणाल्या, ‘बरं होतं. लहानच वाटलं.’ पुढचं मी त्यांना सांगू दिलं नाही. हे मंडळातही कोणाला बोललो नाही, आणि तुझ्या सासऱ्यांना तर कळूच देऊ नकोस. मला मूर्खात काढतील.)

ता. क. चौथा : आता ठकूने तो कंस मोठ्याने वाचलेलाच असणार, मी माझ्या लेकीला ओळखतो. तेव्हा ऐक रे. आवाज निघून गेल्यावर मागे एक बारीक टकटक राहिली होती, मशीनची सुई खालच्या प्लेटला लागते तशी. ती कशाची होती? मी घरी येऊन खूप विचार केला, मला नाही सांगता येत. ऐकायचं काम कायम तुझं होतं, मी कधी शिकलोच नाही. तू ये. तू ऐक, मी बघतो, आणि मग ते पान भरू.