अभिवादन नाही, नाकारले

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून निवृत्त झाल्यावर दीड वर्षाने पुन्हा कामावर. राखाडी स्कर्ट, पांढरा ब्लाउज, कडक इस्त्री. टेकडी पायी चढायची ठरवलं होतं, पण पहिल्याच दिवशी घामाघूम होऊन पोचणं बरं दिसत नाही, म्हणून बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून गेले. उद्यापासून पायी.

विद्यापीठाची ही प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, अकरा कॉम्प्युटर आणि बावीस मळके मग. इथे आर्टिफिशियल इंटेलिजन्स तयार होतो. दुसऱ्या प्रकारचा कुठे ठेवतात ते अजून दिसलं नाही. प्रमुख डॉ. लुबेगा, वय चौतीस, शर्ट पँटच्या बाहेर. काम त्यानेच समजावलं. शेतकरी एका नंबरवर फोन करून कसावा या कंदपिकाच्या रोगाबद्दल लुगांडात, आमच्या भाषेत, प्रश्न विचारतात. ते रेकॉर्ड होतात. मी हेडफोन लावून ऐकायचं आणि हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. हिरव्यांवरून यंत्र भाषा शिकणार. यंत्र तयार होईपर्यंत हिरवे प्रश्न एका कृषी अधिकाऱ्याकडे जातात आणि तो शेतकऱ्याला फोन करून उत्तर देतो.

सूचनांचा एक कागदही दिला. इंग्रजी इतकं वाईट की मजकुराकडे लक्षच जाईना. सात स्वल्पविराम चुकीचे, एक क्रियापद बेपत्ता. लाल पेनाने दुरुस्त करून लगेच परत केला. त्याने आभार मानले. या मुलांना कुणीतरी हवंच होतं.

माझा करार जूनअखेर संपतो. जुलैपासून दुसरा टप्पा, आणि त्यात ‘भाषा-प्रमुख’ अशी एक जागा आहे. ती कुणाला मिळणार याबद्दल कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं आहे काय त्यात?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच दिवसांत सहाशे फोन ऐकले. कान किटले.

कोंबडे. हॉर्न. पोरांची रडारड. लुगांडात इंग्रजी, इंग्रजीत स्वाहिली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे अभिवादन नाही. माणूस फोन लावतो आणि थेट विचारतो, कंद सडलाय, काय करू? रात्र कशी गेली नाही, घरचे कसे आहेत नाही, कामाबद्दल आभार नाही. माझ्या लहानपणी भांडायला आलेला माणूसही आधी पाच मिनिटं विचारपूस करायचा. सगळे लाल. कारणाच्या चौकटीत स्वच्छ शब्दांत लिहिते: अभिवादन नाही, नाकारले.

शेजारी अतिम नावाची मुलगी प्रोग्राम लिहीत बसते. उत्तरेकडची, गुलूची. लुगांडा बेताचंच. तिचं म्हणणं, फोनमधला एअरटाइम संपेल या भीतीने शेतकरी थेट मुद्द्यावर येतात. मी म्हटलं, सभ्यतेला एअरटाइम लागत नाही. तिने हेडफोन कानावर चढवले. पटलं असावं.

मला ‘जाजा’ म्हणते. म्हणजे आजी. मी एकसष्ट वर्षांची आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा तपासनीस मुगिशा बँकेत लागला म्हणून सोडून गेला. प्रत्येक फोन दोघांनी ऐकायचा असा इथला नियम. अतिम म्हणाली, नवा माणूस येईपर्यंत त्याचा वाटा तसाच राहू द्या. काम तसंच राहू देणाऱ्यांतली मी नाही. मुगिशाचा पासवर्ड त्याच्या स्क्रीनवरच चिकटवलेला आहे. आता सकाळी मी स्वतः म्हणून ऐकते आणि दुपारी मुगिशा म्हणून. आमच्या दोघांच्या मतांत अजून एकदाही फरक पडलेला नाही. फार समाधान वाटतं.

टेकडी पायी: एकदा. उतरताना.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख. उपवासकाळाचे संकल्प दोन. चहात साखर नाही. कुणालाही तुच्छ लेखायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

साखर सुटली. दुसऱ्या संकल्पात अतिम धरायची का, हे फादरना विचारायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी पाऊस. वीज गेली, यंत्रं बंद. खिडकीत बसून कॉन्व्हेंटची आठवण काढली. लांब व्हरांडा, पॉलिशचा वास, सिस्टर कोलंबांची किल्ल्यांची जुडी. शाळेच्या आवारात लुगांडा बोलताना सापडलं की गळ्यात लाकडाची पाटी अडकवायच्या. दुसरी कुणी सापडेपर्यंत ती काढायची नाही. पहिल्या वर्षी मी ती अकरा दिवस घातली होती, रात्री उशीजवळ ठेवून झोपायचे. त्या पाटीबद्दल मनात काडीचा राग नाही. तिच्यामुळेच माझं लुगांडा इतकं शुद्ध राहिलं. वापरलंच नाही ना.

घरी आल्यावर नवऱ्याच्या, सायमनच्या, फोटोपुढची फुलं बदलली. तो गेल्यापासून सकाळी रात्र कशी गेली असं विचारणारं घरात कुणी नाही. प्रयोगशाळेत विचारतात. अतिमसुद्धा विचारते, आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून. उच्चार वाईट, पण विचारते.

२८ मार्च, शुक्रवार

आज बाजारातल्या बायका वाक्यं वाचून रेकॉर्ड करायला आल्या. त्यात कालेर्वे बाजारात कसावाचं पीठ विकणारी नालोंगो. जुळ्यांची आई म्हणून सगळे नालोंगोच म्हणतात, खरं नाव तीही विसरली असेल. आवाज फुटक्या भोंग्यासारखा. माइकसमोर बसल्याबसल्या वाक्य वाचायला लागली. मी थांबवलं. आधी अभिवादन कर म्हटलं. तिने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“टीचर, गुडघे पण टेकू का याच्यापुढे? की हात जोडले तरी चालेल?”

बाकीच्या बायका इतक्या हसल्या की सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं. लाल.

१६ एप्रिल, बुधवार

पवित्र आठवडा. मन शांत ठेवायचं ठरवलं होतं.

सकाळी अतिम हळूच येऊन बसली. फेब्रुवारीतल्या चाळीस रेकॉर्डिंगबद्दल बोलायचं होतं. ती मी नाकारली होती, शेरा: ‘कुणी म्हातारी, नाकात बोलते, प्रश्न विचारते की हुकूम सोडते कळत नाही, बहुधा सकाळीच प्यायलेली.’ अतिम म्हणाली, जाजा, हे पहिल्या दिवशी माइक तपासायला घेतलेले तुमचेच आवाज आहेत.

मी पुन्हा ऐकले. माइक सदोष आहे, हे मी तिला तिथेच सिद्ध करून दाखवलं. दुसरं असं की नाव माहीत नसताना मी स्वतःलाही सवलत दिली नाही. इतका निःपक्षपाती तपासनीस पूर्व आफ्रिकेत दुसरा नसेल. लुबेगाला हे कळायला हवं. पण स्वतःहून सांगणं बरं नाही.

साखर: एक चमचा. धक्का बसल्यावर घ्यावीच लागते.

१२ मे, सोमवार

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आकडा आला: तपासलेले फोन चौदा हजार. लुबेगा नैरोबीहून उतरला होता आणि संध्याकाळी किगालीला निघणार होता. मधल्या वेळात त्याने सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. एक समोसाही दिला.

तो गेल्यावर अतिमने विचारलं, चौदा हजारांतले हिरवे किती? मी म्हटलं, हवे तेवढे. तिने स्वतःच मोजले. अकराशे सहा. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, यंत्र एवढ्यावर शिकणार नाही, आणि जे शिकेल ते विचित्र शिकेल. लुबेगाला तिने फोनही केला. तो विमानात शिरत होता. जूनमध्ये पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू, म्हणाला. प्रमुख मंडळी कुणाचं मनावर घेतात आणि कुणाचं नाही, ते अशा वेळी कळतं.

अकराशे सहा फोन, पण प्रत्येक कसा! बहुतेक निवृत्त शिक्षक, चर्चचे सेवक आणि एक बिशप. त्याला कसावा नाही, तो नंबर बरोबर लागतो का ते बघत होता.

३ जून, मंगळवार

हुतात्म्यांचा दिवस. नामुगोंगोच्या तीर्थाला पायी जाण्याचा नवस होता. टॅक्सीने गेले, पण शेवटच्या चौकापासून चालले. भाषा-प्रमुखाच्या जागेसाठी मेणबत्ती लावली. मागितलं असं काही नाही, फक्त आठवण करून दिली.

१८ जून, बुधवार

उद्या मोठा दिवस. मंत्रालयातले साहेब आणि देणगीदार येणार. यंत्र पहिल्यांदा सगळ्यांसमोर ऐकणार आणि ऐकलेलं पडद्यावर लिहून दाखवणार. अतिम दोन दिवस जेवलेली नाही. तरुणांमध्ये श्रद्धाच उरलेली नाही. लुबेगा दुसऱ्या टप्प्यातल्या जागा उद्याच जाहीर करणार, असं ऐकलं. भाषणाचे चार मुद्दे काढून ठेवलेत. नम्र, छोटं, सिस्टर कोलंबांच्या उल्लेखासह.

१९ जून, गुरुवार

थोडक्यात लिहिते.

खऱ्या वापरणाऱ्या म्हणून नालोंगोला बोलावलं होतं. नवा गोमेसी झगा घालून आली, खांदे कानांपर्यंत टोकदार. माइक हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे थेट मुद्दा: माझ्या भावाच्या शेतात पानं पिवळी पडलीत, कंद आतून तपकिरी सडलाय, सगळं उपटू की थांबू?

पडद्यावर अक्षरं उमटली. रात्र कशी गेली, मादाम? घरचे कसे आहेत? आहेत. मुलं कशी आहेत? आहेत. कामाबद्दल आभार.

मंत्रालयाचे साहेब डोळे बारीक करून वाचत होते. नालोंगोने प्रश्न पुन्हा विचारला, आता मोठ्याने. यंत्राने शेजारपाजारच्यांचीही चौकशी केली. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच. तेव्हा यंत्राने अभिवादनाचा रीतसर समारोप लिहिला: म्म्. म्म्. तुम्हीही आभारी असा.

“मी सडल्याचं सांगते आणि हे घरचे कसे आहेत विचारतंय,” नालोंगो सगळ्यांकडे वळून म्हणाली. “हे शिकलंय कुठे, नन्सच्या शाळेत?”

देणगीदारांना भाषांतर करून सांगितल्यावर तेही हसले. लुबेगा हसला नाही. अतिम टेबलाखाली बसून वायर तपासत होती, पण वायरचा काही दोष नव्हता.

माझं मत असं की यंत्र पूर्णपणे यशस्वी झालं. सभ्यतेचा पाया पक्का झालाय, मुद्दे नंतर येतील. जागा जाहीर झाल्या नाहीत. भाषण पर्समध्येच आहे.

२० जून, शुक्रवार

नालोंगो सकाळीच दारात. मला वाटलं, कालच्या वागण्याची माफी मागायला आली. अभिवादन केलं. पूर्ण केलं, घरच्यांसकट. मग म्हणाली, भावाने फेब्रुवारीत तीनदा या नंबरवर फोन केला होता. उत्तर आलं नाही. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असेल, शिकलेल्यांचं काम आहे. उत्तर येईल म्हणून त्याने रोपं उपटली नाहीत, त्यांच्याच काड्या तोडून पलीकडच्या तुकड्यातही लावल्या. आता दोन्हीकडचं गेलं.

“तुम्ही त्याचं ऐकलं होतं का, टीचर, एवढंच सांगा.”

मी शोधलं. तीन फोन. नऊ सेकंद, सात सेकंद, सहा सेकंद. प्रत्येकापुढे माझा शेरा, आणि त्याखाली मुगिशाचा, तसाच.

तिला सांगितलं की रेकॉर्ड सापडत नाही. नाकारलेली नोंद तांत्रिकदृष्ट्या नोंदच नसते, त्यामुळे हे खोटं धरता येणार नाही. तरी उद्या फादरकडे जाऊन येईन.

३० जून, सोमवार

लुबेगाने केबिनमध्ये बोलावून चहा दिला. फार नम्रपणे बोलला, तीनदा आभार मानले. मग फेब्रुवारीतला सूचनांचा कागद समोर ठेवला, माझ्या लाल दुरुस्त्यांसकट. पहिल्याच ओळीत होतं की गोंगाट, मिश्र भाषा, घाईचं बोलणं सगळं चालेल, फक्त काहीच ऐकू न आल्यास लाल. वाक्यरचना आजही सदोषच वाटली.

अतिमने काहीतरी तीन ओळी लिहिल्या आणि मी नाकारलेले सगळे फोन एका फटक्यात हिरवे झाले. पाच महिन्यांचं काम. चाळीस सेकंद लागले. माझ्या हातातला चहा अजून गरम होता.

भाषा-प्रमुखाची जागाच रद्द. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस फोन ऐकायला नालोंगो येणार. शेतकऱ्यांचं बोलणं तिला कळतं, म्हणे. भावासाठी निरोगी काड्यांची सोय कृषी अधिकारी करतोय, हेही तिनेच बसल्याबसल्या करून घेतलं.

निघताना अतिम गुडघे टेकून म्हणाली, जाजा, येत जा. तिचा उच्चार सुधारलाय. दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

टेकडी पायी उतरले.

२१ जुलै, सोमवार. सकाळी ९

नवं यंत्र सुरू झालं. रेडिओवर नंबर सांगतात. आता ऐकून उत्तरही देतं. कामाचा दर्जा तपासणं हे आपलं कर्तव्य, म्हणून फोन केला. दुसरं काही कारण नाही.

मी अभिवादन केलं. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, कामाबद्दल आभार. सावकाश, एक शब्द न गाळता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालं, पिकाचं नाव सांगा.

मी माझं नाव सांगितलं. स्कोलास्टिका नाबुकीरा.

म्हणालं, हे पीक आमच्या यादीत नाही. फोन केल्याबद्दल आभार.

‘आभार’ छान म्हणालं. ते माझ्याच अकराशे सहांतून घेतलेलं असणार.