झाडलेल्या पाच ओळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रेडिओ-दुरुस्ती (आता बंद), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. कालच डॉक्टरांनी तपासलं. राग येतो, पण राग म्हणजे वेड नव्हे, हे त्यांनीही मान्य केलं. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली. मी सांगतो आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी टाइप करते आहे.

१. राहत्या दोन खोल्या या भाचीला. मोरीचा नळ गळतो. प्लंबरला बोलावू नये, तो गळती वाढवून जातो. बँकेत जे असेल तेही तिलाच.

२. सोल्डरिंग आयर्न, दोन्ही मीटर आणि स्क्रूंचे डबे कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बाईंना. त्या हत्यार वापरलं की पुसून ठेवतात. एवढं कारण पुरेसं आहे.

३. आमच्या हौशी रेडिओ क्लबला छदामही देऊ नये. क्लबच्या माजी सेक्रेटरीला तर नाहीच. माझ्या शोकसभेत तो दोन शब्द बोलायला उठला, तर त्याला खाली बसवावे. ऐकला नाही तर हात धरून बसवावे.

का, ते लिहितो. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही संगणक रेडिओला जोडून लेखी निरोप पाठवत असू. त्याला पॅकेट म्हणत. निरोप एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे जाई आणि प्रत्येक केंद्र त्याच्या डोक्यावर आपली एक ओळ चढवी: कोणाच्या हाती आला, किती वाजता, पुढे कधी सोडला. चार ओळींच्या निरोपावर दहा ओळींचा पसारा. वाचणारे वैतागत. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. फाइल द्यायची, वरच्या ओळी गायब, खाली स्वच्छ मजकूर. नाव ठेवलं झाडू. सगळे वापरू लागले आणि मी हवेत गेलो.

पत्नी म्हणाली होती, "अहो, जुनी फाइल एक बाजूला राहू द्या ना." मी म्हणालो, "तुला यातलं काय कळतं?" झाडू मूळ फाइलवरच फिरत असे. नक्कल ठेवत नसे. नक्कल घाबरट लोक ठेवतात, असं मला वाटे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

त्या वर्षी ताईचे यजमान धरणाच्या कामावर होते. छातीत कळ आली. फोनची लाइन तुटलेली. तिथल्या ओव्हरसियरने पॅकेटवरून निरोप टाकला: डॉक्टर आणि गाडी पाठवा. माझ्याकडे सकाळी सात दहाला आला, सात सोळाला मी पुढे सोडला. पुढचं केंद्र सेक्रेटरीचं. प्रत्येक निरोप आधी आपण वाचायचा आणि मगच सोडायचा, हा त्याचा हट्ट. त्या दिवशी साहेब सत्कार घ्यायला गेले होते. निरोप दुपारी दोन चाळीसला सुटला. गाडी पोहोचली तेव्हा मेहुणे गेले होते.

चौकशी लागली. त्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं: उशीर याच्याकडे झाला. क्लबच्या फायली मागितल्या, तर म्हणतो, "फार घाण झाल्या होत्या हो, झाडू मारला." माझा झाडू! आणि माझ्या यंत्रावर तर तो रोज आपोआप फिरायचा. चोराच्या उलट्या बोंबा, आणि माझ्या हातात काही नाही. ताईने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

४. शेवटच्या केंद्रावर एक गृहस्थ होते, आम्ही त्यांना आळशी म्हणत. त्यांनी जन्मात काही साफ केलं नाही, पण चौकशीत त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. ते वारल्यावर त्यांच्या सुनेने गेल्या महिन्यात फ्लॉप्यांचं खोकं मला पाठवलं. त्यात तो निरोप आहे, वरच्या पाचही ओळींसकट. सात सोळा आणि दोन चाळीस, दोन्ही. छापून काढला आहे. मी मेल्यावर भाचीने हा कागद ताईपुढे ठेवावा. ती तोंड फिरवेल तर मोठ्याने वाचावा. दार लावेल तर दाराबाहेर उभं राहून वाचावा!

हे कलम टाइप करताना भाचीने हात थांबवला.

"मामा, आईला कागद नकोय. तिला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सेक्रेटरीची बायको त्याच महिन्यात येऊन रडून सांगून गेली. उशीर त्यांच्याकडे झाला म्हणून."

"मग सव्वीस वर्षं तोंड का बंद ठेवलं तिने?" मी ओरडलो. शेजारी ऐकलं असेल, ऐकू दे.

"बाबांना घरी आणलं तेव्हा तुम्ही आला नाहीत. तीन दिवस आई विचारत होती, माझा भाऊ कुठाय. तुम्ही क्लबात फायली शोधत होता."

खरं आहे. शोधत होतो. माझी चूक नाही हे हातात घेऊनच तिच्यासमोर जायचं होतं. सेक्रेटरीवरचा राग मी मागे घेत नाही, तो माझ्याबरोबरच जाळावा. पण तीन दिवस त्या माणसाने मला बांधून ठेवलं नव्हतं.

भाची म्हणाली, "चौथं कलम काढून टाकू का?" काही काढायचं नाही. आहे तसं राहू दे. अंमल मात्र करू नये.

५. सह्या झाल्या की मी ताईकडे जाणार आहे. कागद नेणार नाही. तिने दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन.

६. मी मेल्यावर ताईने यावं, अशी अट या मृत्युपत्रात कुठेही नाही. ते मागायला मला तोंड नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, बरोबर आहे.

सही: ताईचा धाकटा भाऊ

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले (ओरडणं ऐकून आले, त्यांनाच बसवून घेतलं)
२. तपासणारे डॉक्टर

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा वीस