बिनफीचं कार्ड

पिंपरी,
२० सप्टेंबर १९९३

ती. दादांच्या चरणी रामकिशनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण जरा नवलाचं आहे. आमच्या कारखान्याच्या ऑफिसात दोन बँकांची माणसं क्रेडिट कार्डाचे फॉर्म घेऊन आली. खिशात पैसे नसले तरी कार्ड दाखवून वस्तू घ्यायची आणि बिल महिन्यानं भरायचं. एका बँकेची वर्षाची फी दोनशे रुपये, पण तीत बायकोच्या नावाचं दुसरं कार्ड मिळतं. दुसरीची फीच नाही, कार्ड मात्र एकच.

वच्छला म्हणते फीचं घ्या, अडीनडीला माझं माझ्यापाशी राहील, वेळ काय सांगून येती का. मला सुचेना. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही, तरी काय ते कळवावं. आमची पोर सरजा चार वर्षांची झाली, तुमची आठवण काढते. वहिनींना नमस्कार. कृपा असू द्यावी.

आपला,
रामकिशन

पूर्णा,
२७ सप्टेंबर १९९३

चि. रामकिशन यास अनेक आशीर्वाद.

स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसून मला अठरा वर्षं झाली, पण उधार तिकीट मागणारा भेटला नाही. आता माझाच भाऊ उधारीचं कार्ड घेणार. घ्यायचंच तर बिनफीचं घे. उधारी करायला वर दोनशे रुपये कशाला खामखा द्यायचे? चि. सौ. वच्छलेला सांग, बायकांनी बाजारात कार्ड दाखवत फिरायची आपल्यात रीत नाही. रागावली तर दिवाळीला साडी घेऊन मी समजूत काढतो.

कार्ड आलं की रजिस्टरनं माझ्याकडे पाठव. तुझी सर्टिफिकिटं, वच्छलेची पुतळ्यांची माळ, जमिनीचे कागद, सगळं माझ्याच पेटीत आहे. मोलाची वस्तू थोरल्यापाशी ठेवायची हे बापापासून चालत आलंय. जवळ असलं की हात शिवशिवतात. फी नाही म्हटल्यावर पेटीत पडून राहिलं तरी ते काय खाणार आहे? लागलं की कळव, मी घेऊन येईन.

तुझा,
वैजीनाथ

पूर्णा,
२२ डिसेंबर १९९३

चि. रामकिशन यास आशीर्वाद.

तेरावं उरकून तू सरजाला घेऊन गेलास, त्यानंतर तुझं एक अक्षर नाही. त्या शनिवारी संध्याकाळी तुझा स्टेशनवर फोन आला, वच्छलेचं अपेंडिक्स फुटलंय, दवाखाना ऑपरेशनआधी पाच हजार अनामत मागतोय, बँक सोमवारपर्यंत बंद, कार्ड मात्र चालेल म्हणतात. मी कार्ड काढून आहे तसा गाडीत बसलो. गाड्या बदलत रविवारी संध्याकाळी पोचलो, तोवर तू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे गोळा करून दुपारी ऑपरेशन करून घेतलं होतंस. डॉक्टर मागाहून म्हणाले, आदल्या रात्रीच झालं असतं तर वाचली असती. सोमवारी पहाटे ती गेली.

दोनशे रुपये वाचवले, एवढंच डोक्यात फिरतंय. अन्न गोड लागत नाही. मला वाईट बोल, पण बोल.

आता सरजाचं. तू कामावर गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार? तिला इकडे ठेव. तुझी वहिनी पोटच्या पोरीसारखं करील, आमच्यापाशी हिफाजतीनं राहील. पुढच्या रविवारी मी तिला न्यायला येतो.

तुझा,
वैजीनाथ

पिंपरी,
२८ डिसेंबर १९९३

ती. दादांस रामकिशनचा नमस्कार.

तुम्हाला वाईट काय बोलू? फॉर्म मी भरला, सही माझी, रजिस्टरही मीच केलं. वच्छला पोस्टापर्यंत बरोबर आली होती. वाटेत एकदाच म्हणाली की दादा तिकडं, आपण इकडं, लागलं तर कुणाकडं बघायचं. मी तिला गप्प केलं.

रविवारी सकाळी पैशासाठी दारोदार फिरून मी दवाखान्यात आलो, तेव्हा ती पोट धरून विचारत होती, दादा कुठवर आले असतील. मी तिला स्टेशनांची नावं सांगत राहिलो. ती मान डोलवत होती. तिचा तुमच्यावर राग नव्हता, हेच मला सोसत नाही.

सरजाला मी पाठवणार नाही. दिवसा शेजारच्या सुलाबाई बघतात, संध्याकाळी मी. तिची वेणी मला नीट येत नाही, शिकतो आहे. रात्री आईला हाक मारते, मग मी उठून बसतो.

रविवारी येऊ नका. तुम्हाला नाही म्हणायला मी अजून शिकलो नाही. पत्रात कसंबसं लिहिलं. तुम्ही दारात उभे राहिलात तर मी पोर तुमच्या हातात देऊन टाकीन. म्हणून हात जोडून सांगतो, येऊ नका, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपला धाकटा,
रामकिशन